वरच्या पट्टीचे टाके

तोतारामच्या ओट्यावर माणूस आला की तो आधी कोयता मागून घ्यायचा. कोयता ठेवायचा, घरी जायचं, म्यान दुसऱ्या दिवशी. केळीचे घड कापायचे कोयते एकाच लोहाराकडचे असले तरी सारखे नसतात. कुणाचा टोकाला जास्त वाकलेला, कुणाचा घासून घासून निम्मा राहिलेला. म्हणून ओलं कातडं त्या त्या कोयत्यावरच बसवायचं, चिंधी गुंडाळून दगडाखाली दाबून ठेवायचं. धारेच्या बाजूला दोन कातड्यांच्या मधे चामड्याचा आणखी एक जाड तुकडा घालायचा, म्हणजे धार टाक्यांवर येत नाही. मग कडेनं शिवून, एरंडेल तेल चोळून म्यान उन्हात टांगायचं. एवढं झालं की काम संपलं असं नवख्याला वाटे.

खरं काम वरच्या पट्टीचं. म्यानाच्या पाठीवर चामड्याची आडवी पट्टी असते आणि तिच्यातून कमरपट्टा ओवतात. ही पट्टी एका बाजूनं शिवून ठेवायची आणि दुसऱ्या बाजूचे टाके माणसाच्या अंगावर घालायचे, अशी तोतारामच्या बापापासूनची रीत होती. गिऱ्हाईक ओट्याखाली उभं राही. त्याला वाकायला लावायचं, उकिडवं बसवायचं, खांद्यावर ओझं देऊन चालवून बघायचं. कोयता कमरेच्या मागच्या खळग्यात नीट बसला की तिथंच पट्टी धरायची, आरीनं भोकं पाडायची आणि उभ्या माणसाच्या पाठीशी शेवटचे टाके घालायचे. चोपड्याच्या बाजारात तयार म्यानं ओळीनं टांगलेली असत, पण आमच्या तापीकाठचा केळी कापणारा त्यांच्याकडे बघत नसे. खांद्यावर घड घेऊन चिखलाच्या सरीतून चालणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि कोयता पाठीशी उघडा असून चालत नाही. बापाच्या वेळी मोटा शिवायचं काम होतं. इंजिनं आली तशा मोटा गेल्या. चपला रबराच्या झाल्या. म्यानं तेवढी राहिली, आणि त्या म्यानांवर तोताराम गावात नाना झाला.

आता नानाची गंमत सांगायला हवी, म्हणजे गंमत कसली म्हणा. एके दिवशी सकाळी तोंड धुता धुता त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पायही चालायला लागला. उजव्या हातात मात्र जोर आला नाही. दोरा ओढायला गेला की बोटं भलतीकडेच वळत. त्याची बायको द्रौपदाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून कातडं भिजवत आली होती, दोऱ्याला मेण लावत आली होती. तिनं आरी उचलली आणि आतल्या खोलीत बसली.

तेव्हापासून असं चाललं होतं. ती आत दार लोटून शिवायची आणि हा बाहेर ओट्यावर तयार म्यान मांडीवर घेऊन बसायचा. हातात आरी. रस्त्यानं कुणी गेलं की आरी उचलायची, गेलेला माणूस वळणापल्याड गेला की खाली ठेवायची. कुणी जवळ येऊन बसलं तर म्यान डोळ्यांजवळ नेऊन टाके तपासल्यासारखं करायचं. कमरेचं हत्यार बाईच्या हातचं वापरू नये, असं त्याचा बाप म्हणायचा, म्हणून हा झाकाझाकीचा खेळ. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. आपण बायकोच्या हातचं खातो हे कुणाला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं.

वरच्या पट्टीचे टाके मात्र त्यालाच घालावे लागत. परक्या पुरुषाच्या कमरेला हात लावून बाई कशी शिवणार? गिऱ्हाईक पाठ करून उभं राही आणि नाना मागे घामाघूम होई. डाव्या हातानं आरी दाबायची, उजव्यानं कसाबसा दोरा धरायचा, दातानं ओढायचा. पूर्वी विडी ओढून होईपर्यंत होणारं काम आता संपता संपत नसे. माणसं आभाळाकडं बघत उभी राहत. कुणी घाई केली नाही, कुणी मागे वळून बघितलं नाही. तोतारामला वाटे, आपली जुनी किंमत आहे, म्हणून थांबतात.

त्या वर्षी मे महिना सरता सरता वादळी वावधन सुटलं. दुपारी पश्चिमेकडून धूळ उठली आणि तासाभरात नदीकाठचे उभे मळे आडवे झाले. भरल्या घडांची झाडं कमरेतून मोडली. पडलेल्या झाडाचा घड उन्हात राहिला की काळा पडतो, मग त्याला दिल्लीचा व्यापारी हात लावत नाही. जे हाताला येईल ते चार-आठ दिवसांत कापून ट्रकांत भरायचं होतं. केळी कापणाऱ्यांचा मुकादम झुलाल याच्याकडे माणसं पुरेनात. तो शिरपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जाऊन नवी माणसं घेऊन आला आणि त्यांना देवचंद पाटलाच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरवलं. नव्या माणसांना कोयते दिले, पण म्यानं कुठून आणणार? झुलाल कोयत्यांचा भारा घेऊन तोतारामच्या ओट्यावर आला.

द्रौपदाबाई त्या दिवसांत चुलीपुढं बसली नाही. शिळी भाकरी आणि ठेचा, तेही उभ्यानं. आत उकाड्यानं जीव जायचा, दार उघडायची सोय नव्हती. आरी दाबून तिच्या तळव्याला गट्टे आले, ते फुटले, त्यावर तिनं चिंधी बांधली. तोताराम बाहेर बसून नव्या माणसांच्या कमरा मापत होता. त्यांच्यात पुना नावाचा एक हडकुळा, लांब पायांचा माणूस होता. बोलणं कमी, तेही हसून. त्याच्या कमरेला पट्टी बसवताना तोतारामची बोटं फार वळत होती. दोरा दोनदा निसटला. मागे आणखी माणसं उभी होती. शेवटची गाठ नीट बसली नाही हे त्याला कळलं. पुन्हा उसवून घालायला हवी हेही कळलं. पण मागचे बघत होते. त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला आणि पुनाच्या पाठीवर थाप मारून त्याला पाठवलं.

उरलेली म्यानं घेऊन नवराबायको दुसऱ्या दिवशी मळ्यावर गेली. पाटी द्रौपदाबाईच्या डोक्यावर, नाना पुढे रिकाम्या हातानं. ट्रक सरीच्या तोंडाशी लागली होती, तिला फळी लावलेली होती, आणि खांद्यावर घड घेतलेली माणसं फळीवरून चढत-उतरत होती. पुना चढत होता. फळीच्या मध्यावर त्याच्या पाठीशी पट्टी एका बाजूनं सुटली, म्यान उलटं लोंबलं आणि कोयता सुटून टोकानं खाली आला. टाचेच्या वर लागला. पुना घड न टाकता तसाच वर गेला, घड ट्रकमध्ये ठेवला आणि मग खाली बसला. फळीवरून रक्त गळत होतं.

माणसं धावली. झुलालनं डोक्याचं मुंडासं सोडून पाय आवळला. मळ्याचा मालक देवचंद पाटील बांधावरून आला. आधीच त्याच्या बागेची माती झालेली, त्यात हे. त्यानं म्यान उचललं, सुटलेली पट्टी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"हाई कोना हातनं शे?"

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट विचारल्यावर माणसं जशी गप्प राहतात तशी गप्प राहिली. तोतारामला एक शब्द बोलायचा होता. माझ्या. तो शब्द तोंडापर्यंत आला, आणि मग पाटलाचा चेहरा, रक्तानं भरलेली फळी, पुनाचा पाय हे सगळं एकदम दिसलं आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"मनं नही. मना हात चालस का आते? बाईनी शिवेल शे."

जे झाकण्यासाठी त्यानं बायकोला आत कोंडलं होतं, ते त्यानं एका दमात सगळ्यांपुढे टाकलं, आणि तेही जीव वाचवायला. स्वतःचा लुळा हात वर करून दाखवला. आजवर लपवलेला तो हात त्या क्षणी त्याला कामाचा वाटला. ही लाज त्याला नंतर समजली. त्या वेळी सुटल्यासारखंच वाटलं.

द्रौपदाबाई पाटी उतरवत होती. पाटी जमिनीला टेकवून ती सरळ झाली. तिनं पाटलाच्या हातातल्या म्यानाकडे बघितलं. कुठले टाके सुटलेत हे तिला लांबूनही दिसत होतं, कारण शिवणाऱ्याला आपला टाका ओळखू येतो. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"हां," ती म्हणाली. "मनाच टाका सुटना."

देवचंद पाटील मग बरंच बोलला. बाईमाणसाच्या हातची वस्तू माणसाच्या कमरेला लावता, एखाद्याचा जीव गेला असता, उद्यापासून या मळ्यात तुमचं म्यान नको. द्रौपदाबाई ऐकत उभी राहिली. कापणारी सगळी माणसं खाली बघत होती. तोतारामला वाटलं, बाईच्या हातचं वापरलं म्हणून त्यांना शरम वाटतेय. त्यानंही मान खाली घातली.

घरी येताना रिकामी पाटी तिच्या हातात होती. तो बोलेल ती बोलेल असं करत वाट संपली. तिनं भाकरी केली, ताट वाढलं, पाण्याचा तांब्या त्याच्या डाव्या बाजूला ठेवला, नेहमीसारखा. तो घास घेऊन बसला. ती रडली असती, भांडली असती, ताट भिरकावलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, मीठ हवं का.

दुसऱ्या दिवसापासून ती आत शिवायला बसली नाही. कातडं कुंडीत तसंच भिजत राहिलं आणि वास मारायला लागलं. सकाळी ती फडक्यात भाकरी बांधायची, वाटीत हळद आणि तेल घ्यायची आणि मळ्याच्या शेडकडे निघून जायची. पुनाचं इथं कुणी नव्हतं. बाकीची माणसं कापणीला जायची आणि तो एकटा खाटेवर पाय वर करून पडायचा. चोपड्याला नेल्यावर डॉक्टरनं टाके घातले होते, पण हंगाम त्याच्या हातचा गेला होता. द्रौपदाबाई त्याचा पाय धुऊन द्यायची, भाकरी ठेवायची आणि बांधावर पडलेली केळीची पानं उचलायच्या मजुरीला जायची. हे तोतारामला बाहेरून कळलं. तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

घरी कुणी नसताना त्यानं एकदा कातडं घेतलं. म्हटलं, एक तरी म्यान आपण पुरं करू, मग सांगायला तोंड राहील. दार लोटून आत बसला. तिच्याच जागी बसला. आत बसल्यावर कळलं की तिथं भिंतीला टेकायलाही जागा नव्हती आणि उजेड नुसता दाराच्या फटीतून येत होता. आरी डाव्या हातात धरून दाबली. ती निसटली आणि उजव्या हाताच्या तळव्यात गेली. हात बधिर, दुखलंही नाही. रक्त मात्र आलं आणि कातड्यावर पडलं. तो तिथंच त्या फटीच्या उजेडात बसून राहिला. म्हातारा माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा. त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तो झुलालच्या घरी गेला. झुलाल अंगणात बाजेवर बसून पाय चोळत होता. नानाला बघून उठला, बाजेवर जागा केली. तोताराम उभाच राहिला. मी खोटं बोललो, तो म्हणाला. पट्टीचे टाके बाईचे नव्हते, माझे होते. बाकीचं म्यान तिनं शिवलं, एवढे दिवस तीच शिवते, पण पट्टीचे टाके माझेच. उद्या पाटलाला सांग, सगळ्यांना सांग. एका दमात सांगितलं आणि आता झुलाल काय म्हणतो याची वाट बघत राहिला. चिडेल, थुंकेल, निदान आश्चर्य तरी वाटेल त्याला.

झुलाल आत गेला आणि आपलं म्यान घेऊन आला. कंदिलापुढं पालथं धरलं. वरच्या पट्टीवर तोतारामचे वाकडेतिकडे टाके होते, आणि त्यांच्यावरून सुतळीचे दुसरे टाके होते. जाड, दाभणानं घातलेले. पोत्याचं तोंड शिवावं तसे.

"हाई मनी बायकोनं घालेल शे," झुलाल म्हणाला.

तोतारामला काही कळेना. मग झुलालनं सावकाश सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं, खाली बघत.

"नाना, बठ्ठास्ले माहीत व्हतं. द्रौपदाअक्कानीच सांगेल व्हतं, तुमना अंगवरथीन वारं गयं तवयच. आमना घर उनी व्हती. म्हने, त्यास्ले टाका घालू द्या, घर जाईसन वरथीन दोन टाका मारी ल्या, पन त्यास्ले कळू देऊ नका. बठ्ठा तेच करतस. पुना नवा व्हता. त्याले सांगाले मी ईसरी गऊ."

म्हणजे गावात कापणीला जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या ओट्याखाली पाठ करून उभा राहत होता, आभाळाकडं बघत होता, आणि घरी जाऊन बायकोच्या हातात दाभण देत होता. नानाची किंमत म्हणून ते थांबत नव्हते. द्रौपदाबाईनं घरोघर जाऊन पदर पसरला होता म्हणून थांबत होते. बाईच्या हातचं म्यान कुणाला नको होतं हेही खोटं. ते कधीपासून तिच्या हातचं म्यान बांधून आणि आपापल्या बायकांचे टाके वर घेऊन मळ्यात जात होते. हे ज्याला कळलं नव्हतं असा माणूस गावात एकच होता आणि तो आरी हातात घेऊन ओट्यावर बसत होता.

त्यानं विचारलं, मग त्या दिवशी पाटलापुढं कुणी बोललं का नाही?

"अक्का सोता म्हननी, मनाच टाका. तिले खोटं कोन पाडी?" झुलाल म्हणाला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आम्हले तुमनी लाज वाटनी, नाना. तुमनाकडे दखवे ना, म्हनीसन खाले दखत व्हतूत."

झुलालच्या बायकोनं चहा आणला होता. तोतारामनं कप डाव्या हातानं घेतला आणि तसाच बाजेवर ठेवला. तो निघाला तेव्हा झुलाल फाटकापर्यंत आला.

सकाळी द्रौपदाबाई भाकरी बांधून निघाली तशी तोताराम तिच्या मागे निघाला. आजवर तो पुढं चालायचा. तिनं एकदा वळून बघितलं, आणि पुन्हा चालायला लागली. रस्त्यात माणसं भेटली, राम राम नाना म्हणाली. एकेक राम राम त्याला तोंडात मारल्यासारखा लागत होता. यातल्या प्रत्येकाच्या घरात सुतळीचे टाके होते.

शेडमध्ये पुना खाटेवर बसला होता. दोन-चार माणसं कोयत्यांना धार लावत होती, ती उठली नाहीत पण त्यांचे हात मंद झाले. द्रौपदाबाई खाली बसली. तिनं जुनं फडकं सोडलं. टाचेच्या वरची जखम लाल होती, कडेनं सुकत आली होती. ती पाण्यानं पुसू लागली.

तोताराम खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. ठरवून आणलेलं सगळं तो विसरला.

"पुना, पट्टीना टाका मना व्हता," तो म्हणाला. "तिना नही. मना टाका सुटना, अन् मी खोटं बोलनू."

धारेचा आवाज थांबला होता. पुनानं त्याच्याकडे बघितलं, मग द्रौपदाबाईकडे बघितलं. आपल्या बोलीत आणि थोड्या अहिराणीत तो म्हणाला की अक्का रोज येते, रोज पाय धुते, रोज म्हणते की माझ्या हातून चूक झाली, माफ कर. मी तिला म्हटलं, होऊ दे अक्का, होतं कधी कधी. हे सांगताना तो नेहमीसारखा हसला नाही. ज्याला माफ केलं तो माणूस हा नव्हता, आणि ज्याला करायचं तो आता समोर होता.

तोताराम बायकोकडे बघत होता. तिनं आता तरी काही बोलावं. सगळ्यांपुढे आपण सांगितलं, आपल्या तोंडानं सांगितलं. तिचं तोंड खाली होतं. जखमेला हळद-तेल लावून झालं. तिनं धुतलेलं फडकं उचललं.

"बसा," ती म्हणाली. "पाय धरा, फडकं बांधनं शे."

तो चटकन बसला. इतक्या दिवसांत तिनं त्याला पहिलं काम सांगितलं होतं. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि पुनाची टाच धरली. उजव्या हाताची बोटं भलतीकडेच वळली आणि जखमेवर दाबली गेली. पुनानं दात आवळले.

"उजवा नको," द्रौपदाबाई म्हणाली. मोठ्यानं नाही, पण शेडमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "उजवा हात कामना नही तुमना. डावा लावा."

वारं गेल्यापासून तिनं त्या हाताचं नाव कधी घेतलं नव्हतं. तोतारामनं उजवा हात काढून मांडीखाली घेतला आणि डाव्या हातानं पाय धरला. ती फडकं बांधू लागली.